चार टोपल्या आणि एक गाऱ्हाणं

दत्ताराम शेटच्या दुकानातलं खोकं आमच्या गाईनं खाल्लं, तिथून हे प्रकरण सुरू झालं. पुढे जे झालं त्याबद्दल मला तेव्हा वाईट वाटलं नव्हतं आणि आजही वाटत नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे शेवटी मी पदरानं डोळे टिपून चार शहाणपणाच्या गोष्टी लिहीन, अशी आशा कुणी ठेवायला नको.

खोकं म्हणजे पुठ्ठ्याचं. त्या सुमारास मालवणात दिवाळीला एकमेकांकडे खोकी पाठवायची टूम निघाली होती. ती मुंबईहून आगबोटीनं यायची. वर चमचमता कागद, त्यावर चमचमती फीत, आत कागदाच्याच चिंध्या, आणि त्या चिंध्यांत हात घालून शोधलं तर चार बिस्किटं, एक फणी आणि बोटाच्या पेरापेक्षा लहान अत्तराची कुपी. देणाऱ्याची शान आणि घेणाऱ्याची शोधाशोध. सण संपला की तो कागद परसात जायचा, परसातून वाऱ्यावर जायचा, आणि वाऱ्यावरून आमच्या तांबूच्या तोंडात. एका दिवाळीला तिनं अख्खं खोकं फितीसकट खाल्लं. पोट नगाऱ्यासारखं फुगलं. गुरांच्या डॉक्टरांनी तेल पाजलं, अक्कानं दृष्ट काढली, मी देवाला नारळ बोलले. तांबू उठली. फणी मात्र शेवटपर्यंत सापडली नाही.

त्या दिवशी गोठ्यात उभी राहून मी ठरवलं, की पुढच्या दिवाळीला आमच्या घरातून जी भेट जाईल ती वरपासून खालपर्यंत गाईनं खाल्ली तरी चालेल अशी जाईल. बांधायचा दोरासुद्धा आमच्या वाडीतला असेल. दुकानातलं काहीही नसेल.

ती पुढची दिवाळी म्हणजे महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आदल्या वर्षाची. नेमकी त्याच वर्षी आमच्या दुर्गाच्या लग्नाची बोलणी चालू होती. मुलगा जयराम, कुडाळच्या शाळेत मास्तर. त्याचे वडील हरिश्चंद्र, तेही मास्तर. आणि ह्या हरिश्चंद्र मास्तरांची धाकटी बहीण मथुरा म्हणजे आमच्याच आळीतल्या दत्ताराम शेटची बायको. खोकी विकणाऱ्या दत्ताराम शेटची. मास्तर भाऊबिजेला बहिणीकडे मालवणात येणार होते, आणि त्याच दिवशी आमच्याकडे येऊन शेवटचा शब्द देणार होते. दुर्गाला मुलगा आवडला होता. तिनं तसं सांगितलं नव्हतं, पण कुडाळच्या बसची वेळ तिला घड्याळाशिवाय कळायला लागली होती.

आमचे हे मामलेदार कचेरीत अव्वल कारकून. सगळे त्यांना भाई म्हणायचे. माझा बेत ऐकून त्यांनी चष्मा काढला. कचेरीत एखादा अर्ज नामंजूर करायच्या आधी ते असाच चष्मा काढतात असं म्हणतात.

"अगो, ह्या वर्साक तरी दत्तारामाकडची खोकी घी. तेच्याच मेवण्याकडे आपल्या चेडवाचा जमवचा आसा, आणि तू तेच्याच धंद्यावर पाय दितंस?"

"मी खंय पाय दितंय? मी टोपली विणतंय."

"लोक हसतले."

"हसांदेत. हसताना तोंड उघडला तर लाडू घालूक सोपा पडात."

त्यांनी चष्मा परत लावला आणि पंचांग वाचायला घेतलं. अर्ज नामंजूरही झाला नाही आणि मंजूरही झाला नाही. आमच्या घरातले बहुतेक अर्ज असेच पडून असायचे.

टोपल्या मी माडाच्या चुडतांच्या विणल्या. हिरव्या पात्या, हिरवीच कड. झाप विणायला मला लहानपणापासून येत होतं, तेव्हा टोपली म्हणजे काय मोठंसं, असं वाटलं. शेजारची अक्का कुंपणाशी येऊन उभी राहिली. अक्काला एकही दात नव्हता आणि सल्ल्याला तोटा नव्हता.

"आनंदी, पाती जरा सावळेत सुकव. हिरवी विणलंस तर आवळत जाताली आणि भोकां पडतली."

"नाय पडणत."

"आणि मुंगयो लागतीत. मी सांगतंय तसा कर. आत सुक्यो मिरश्यो घाल आणि एक लिंबू ठेय. मुंगी फिरकाची नाय."

मी पाती सुकवली नाहीत. पाती आवळली, भोकं पडली, आणि पोहे भरून बघितले तर एका बाजूनं मी ओतत होते आणि दुसऱ्या बाजूनं ते कोंबड्यांना मिळत होते. त्या टोपल्या मी गोठ्याच्या भिंतीला टेकून ठेवल्या आणि सकाळी बघते तर नाहीत. तांबू रवंथ करत उभी होती. ह्या वेळी पोट फुगलं नव्हतं. माझं म्हणणं पूर्णपणे सिद्ध झालं होतं, पण ते दाखवायला हातात काही उरलं नव्हतं.

आळीला ही बातमी अक्कानंच दिली. मथुरा पाण्याला जाता जाता दारात थांबली. "आनंदीवयनी, तुमच्या गाईक दिवाळीची भेट पावली म्हणतत. आमच्याकडली खोकी आजून आसत हां. सांगा मेल्याक, आणून दीत." मेला म्हणजे तिचा नवरा. मी म्हटलं, "बरां." आणि सगळ्यांना सांगून टाकलं, की टोपल्यांचा नाद मी सोडला.

सोडला नव्हता. मागच्या मांगरात, जिथं आम्ही शेणी आणि नारळाची सुकी सोडणं ठेवायचो, तिथं बसून मी पुन्हा विणल्या. ह्या वेळी पाती सावलीत सुकवून. खोल टोपली, वर झाकण, आत पोफळीची विरी, म्हणजे झावळीच्या बुडाचं चिवट पान, घातलेली, सुंभाची कडी. चार झाल्या आणि चारही अशा झाल्या, की मी एकटीच त्यांच्याकडे बघत बसत होते. एक अक्काला, एक पोस्टमास्तरांना, एक मथुरेला आणि एक कुडाळच्या मास्तरांसाठी घरी ठेवायची.

आत काय काय घातलं ते सांगते, कारण पुढे लोकांनी भलतंच सांगितलं. गूळ-शेवेचे लाडू, चांगले कडक, मालवणात व्हायला हवेत तसे. अक्काला दात नाहीत म्हणून तिच्या टोपलीत मऊ रव्याचे. नेवऱ्या म्हणजे करंज्या, लाल पोहे, भाजलेले काजू, कोकमाची सोलं. मधोमध शेंडीसकट नारळ, कारण नारळाशिवाय काही देणं म्हणजे आमच्याकडे देणंच नव्हे. मुंग्यांसाठी सुक्या मिरच्या आणि लिंबू. अक्काचा सल्ला चांगला असला तर मी घेते. वर झाकायला कागद नको म्हणून जुन्या गादीच्या लाल खारव्याचे तुकडे. राहता राहिलं नाव. कुठली टोपली कुणाची हे कळायला खूण हवी, आणि मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. ते मी पुढे चाळिशी उलटल्यावर शिकले. दुर्गाकडून लिहून घ्यावं, तर आळीतली निम्मी पत्रं तीच लिहून द्यायची, तिचं अक्षर सगळ्यांच्या ओळखीचं. म्हणून मी हळद-कुंकवाचे ठिपके दिले. अक्काला एक, पोस्टमास्तरांना दोन, मथुरेला तीन.

हातात नेऊन का दिल्या नाहीत, असं नंतर मला सगळ्यांनी विचारलं. हातात दिल्या असत्या तर मथुरा म्हणाली असती, सोयरिकीसाठी लोणी लावायला आली. आणि खरं कारण म्हणजे मला आधी कौतुक ऐकायचं होतं. कुणाची टोपली गो ही, केवढी देखणी, असं आळीनं म्हणावं, आणि मग मी ओटीवरून सावकाश सांगावं, की माझी. तेव्हा नरकचतुर्दशीच्या पहाटे, लोक अभ्यंगाला उठायच्या आत, मी तीन दारांत तीन टोपल्या ठेवून आले. तुळशीकडे कारीट फोडायला बाहेर आले की पहिली नजर तिच्यावरच पडावी, अशा बरोबर उंबऱ्याच्या मधोमध.

आता कोकणातल्या माणसानं हे वाचलं असेल तर त्यानं केव्हाच कपाळावर हात मारला असेल. अवस तोंडावर आलेली. पहाटेची वेळ. उंबऱ्याच्या मधोमध टोपली, टोपलीवर लाल फडकं, आत शेंडीचा नारळ, लिंबू, मिरच्या, आणि बाहेरून हळद-कुंकवाचे ठिपके. माझ्या एकटीच्याच हे लक्षात आलं नाही, कारण माझ्या डोक्यात फक्त लाडू होते.

मी आंघोळ करून, नवं लुगडं नेसून, कौतुक ऐकायला ओटीवर बसले. पहिली अक्का ओरडली. मग पोस्टमास्तरांच्या घरातून शिपायाला हाका. मग मथुरेचा सूर, आणि मथुरेचा सूर लागला की बंदरावरचे खलाशी वर बघतात.

करणी. आळीत तीन घरांवर करणी.

मी लगेच उठून सांगायला हवं होतं हे खरं. उठलेही होते. पण तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला अक्का दिसली. हातात आंबे काढायची लांब काठी, तोंडानं रामनाम, आणि त्या काठीच्या टोकानं ती माझी टोपली हळूहळू ढकलत कुंपणाखालून आमच्या परसात घालत होती. आपल्यावरची करणी शेजाऱ्यावर. इतकी वर्षं मी तिला पहिली कैरी, पहिलं फणसाचं सांदण देत आले होते. मी परत येऊन ओटीवर बसले. म्हटलं, आता ह्यांचं होऊ दे काय व्हायचं ते.

पोस्टमास्तर घाटावरचे. त्यांचा करणीवर विश्वास नव्हता, पण बेवारस वस्तूवर होता. त्यांनी पोलीस बोलावले. मामलेदार साहेब दिवाळीला गावी गेलेले, त्यामुळे जमादार पंचनामा घेऊन भाईंची सही घ्यायला आमच्याच ओटीवर आला. मी चहा टाकला. त्यानं भाईंना वाचून दाखवलं ते मी दाराआडून ऐकलं.

"माडाच्या पात्यांची टोपली एक, झाकणासह. आत अंदाजे लाडू सदृश गोल वस्तू. हात न लावता काठीने वाजवून पाहता दगडाप्रमाणे आवाज आला. वर लाल खारव्याचा तुकडा, त्यास एका कोपऱ्यात शाईचा जुना डाग."

भाईंचा हात सही करता करता थांबला. गादीवर दौत त्यांच्याच हातून सांडली होती. त्यांनी एकदा दाराकडे बघितलं. मी चहाची कपबशी पुढे केली.

"दगडासारखो आवाज आयलो?" मी विचारलं.

"होय बाई. भयानक काहीतरी आहे आत." जमादार कामावर असला की शुद्ध बोलायचा.

जमादार गेल्यावर भाईंनी दार लावलं.

"आनंदी, ह्या काय केलंस?"

"लाडू केलंय. दगडासारखे म्हणान तो सांगता. पाक बरो जमलो म्हणजे तसोच आवाज येता."

"गप बस. मास्तर भाऊबिजेक येतत. ह्या तेंच्या कानार गेला, तर आवशीचा नाव चेटकीण आणि चेडू घरात. कोणाक काय्येक सांगू नको. आपसूक निवळात."

दुर्गा आतल्या दारात उभी होती. तिचा चेहरा बघून मी गप्प बसायचं कबूल केलं. मुलीसाठी माणूस काय काय कबूल करतो. ते मी जवळजवळ एक दिवस पाळलं.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. मथुरेनं धोंडू घाड्याला बोलावलं. धोंडू म्हणजे गावाच्या वतीनं देवाला गाऱ्हाणं घालणारा माणूस. मथुरेच्या अंगणात तिची टोपली मधोमध, भोवती राखेचं रिंगण, आणि रिंगणाबाहेर अख्खी आळी हात जोडून. न जाणं म्हणजे संशय ओढवून घेणं, म्हणून भाई मला घेऊन गेले आणि माझ्या शेजारीच उभे राहिले. धोंडूनं डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या दत्ताराम शेटच्या उंबऱ्यार कोणी वाकडा पाऊल घालून ही वस्त ठेयली आसात..."

"व्हय म्हाराजा," सगळी आळी म्हणाली. मीही म्हटलं. इथवर फारसं काही बिघडत नव्हतं.

"...तेच्या मनात जा वायट आसात ता तेच्याच दारात उलटा धाड रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

अक्का माझ्या दुसऱ्या बाजूला. करणी कुंपणापलीकडे ढकलून ती हलक्या मनानं आली होती आणि सगळ्यांत मोठ्यानं व्हय म्हणत होती.

"...ज्या हातान ही टोपली विणली, तो हात झडांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

अक्कानं मला कोपरानं ढोसलं. "म्हण गो."

"...जेना ह्या जिन्नस रांदले, तेची चूल थंड पडांदे, तेच्या हाताची चव जावंदे..."

हात झडू दे म्हटलं, ते मी ऐकून घेतलं असतं. पण हाताची चव जाऊ दे, असं कुणी माझ्या समोर उभं राहून देवाला सांगणार आणि मी त्याला होकार भरणार, हे जमण्यातलं नव्हतं.

"नाय म्हाराजा," मी म्हटलं.

गाऱ्हाण्यात नाही म्हणायची पद्धतच नाही. धोंडूनं डोळे उघडले. पुढचं त्याला आठवेना.

"ही टोपली माजी. विणलंय मी, रांदलंय मी, ठेयलंय पण मीच. दिवाळीची भेट म्हणान ठेयलंय. खोकी नको म्हणान. लाडू आसत आत, धोंडू. गुळाचे. मिरश्यो आणि लिंबू ह्या अक्कान सांगल्यान म्हणान घातलंय."

"मी खंय सांगलंय?" अक्का म्हणाली. "माका नाय आठवणा." आणि ती भाईंच्या पलीकडे जाऊन उभी राहिली.

वाटलं होतं, आता सगळे हसतील. कुणी हसलं नाही. मथुरेनं पदर खोचला. "भेट होती तर काळोखात कित्या ठेयलास, आनंदीवयनी? ठिपके कित्या घातलास? आमच्या घराक तीनच कित्या?" ह्याची सगळी उत्तरं माझ्याकडे होती, पण ती खरी असल्यामुळे कुणाला पटली नाहीत. शेवटी तिनं निवाडा दिला: मी देवळात जाऊन सगळ्यांसमोर कौल लावायचा. म्हणजे देवाच्या अंगावर पाकळ्या लावायच्या आणि विचारायचं, माझ्या मनात वाईट होतं की नाही. उजवी पाकळी पडली तर मी सुटले. डावी पडली तर कुडाळला निरोप.

"लावणंय नाय," मी म्हटलं. "माज्या लाडवात गूळ आसा काय इख, ह्या माका म्हायत आसा. देवाक कित्याक तरास?"

टोपली त्यांनी समुद्रात सोडली. दर्याला भरती होती, ती दोनदा परत आली. तिसऱ्या वेळी दत्ताराम शेटनं होडीतून लांब नेऊन सोडली. नंतर ऐकलं, की येताना तो काजू खात होता. पण ऐकीव गोष्ट, मी खात्री देत नाही.

पाडव्याला ओवाळताना भाई ताटाकडे बघत बसले. शेवटी म्हणाले, "कौल लाव. पाच मिनटांचा काम. चेडवाच्या जल्माचो प्रश्न आसा." मी म्हटलं, आज टोपलीसाठी कौल लावला, तर उद्या भाजीत मीठ जास्त पडलं म्हणूनही लावावा लागेल. ते म्हणाले, "तू हट्टी आसस." त्यात वादाचं काही नव्हतं. मी दुर्गाला विचारलं, की तू सांग, लावू का. ती भांडी घासत होती. म्हणाली, "आये, आता लावलंस तर लाडू खरोच वायट होतो, असा जाता. आणि तेच्या घरात मी जल्मभर खालमानेन वावरूचा?" एवढंच बोलली आणि घासलेलंच भांडं परत घासायला घेतलं. माझी मुलगी आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं.

एक सांगायचं राहिलं. अक्कानं आमच्याकडे ढकललेली टोपली चतुर्दशीच्याच संध्याकाळी तांबूनं खाल्ली, रव्याच्या लाडवांसकट. आळी तांबू मरायची वाट बघत बसली. तांबूनं दूध वाढवलं. अक्का म्हणाली, "जनावरांक लागणा नाय."

भाऊबीज उजाडली. कुडाळची बस कसालला बंद पडली आणि दुपार टळून गेल्यावर आली. मास्तर बहिणीकडे गेले तर दाराला कुलूप. मथुरा नवऱ्याला आणि धोंडूला घेऊन देवळात गेली होती. मी कौल लावत नाही म्हणून माझ्या वतीनं तीच लावत होती. मास्तर उन्हात ओट्यावर उभे. भाईंनी बघितलं आणि त्यांना घरी आणलं. सडपातळ माणूस, काळी टोपी, गालाला हात लावून बसायची सवय. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

मी चौथी टोपली त्यांच्या पुढे ठेवली.

भाईंना खोकल्याची उबळ आली. मास्तरांनी टोपली उचलून सगळ्या बाजूंनी बघितली. "सुंदर विणली आहे," ते म्हणाले. "आमच्याकडे हल्ली असं कुणी करत नाही." चार दिवस ज्याची वाट बघत होते ते कौतुक मला मिळालं, तेही कुडाळच्या माणसाकडून. त्यांनी लाडू घेतला आणि पहिला घास तोडला.

तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. भाई खोकत राहिले, मी सांगत राहिले. करणी, काठी, पंचनामा, गाऱ्हाणं, कौल. लपवून मुलगी द्यायची नव्हती मला. "तुमी जा खातास ना मास्तरांनू, हेचीच भयण आळयेन समुद्रात बुडयली."

मास्तरांचा जबडा थांबला. लाडू असा, की तोंडात अर्धा गेला की गिळताही येत नाही आणि टाकताही येत नाही. ते माझ्याकडे बघत राहिले. आणि नेमकी त्याच वेळी मथुरा धोंडूला घेऊन दारात आली. देवळात पाकळी डावीही पडली नव्हती, उजवीही नव्हती. देवालाही दिवाळीची सुट्टी असेल.

"दादा," ती किंचाळली, "थुक. आदी थुक ता."

मास्तर बोलू शकत नव्हते. धोंडू म्हणाला, "आता थुकान उपेग नाय. आत गेला आसात."

"मग तर बराच झाला," मी म्हटलं. "कौल व्हयो ना तुमका? हेंच्या पोटाक लावा. बसा. डावो काय उजवो, ते आपणच सांगतीत."

बसले खरेच. मथुरा भिंतीला टेकून, धोंडू उंबऱ्यावर, अक्का कुंपणापाशी. दत्ताराम शेट मागून आला आणि कुणी न सांगता बसला. दुर्गा आतून आली, कुणाकडे न बघता टोपलीतला एक लाडू उचलला आणि दाढेखाली फोडला. काड्कन आवाज झाला. मास्तरांनी तिच्याकडे बघितलं, आणि मग त्यांनीही दात दाबले.

दुसरा काड्कन आवाज झाला तो वेगळाच होता. मास्तरांनी गालाला हात लावला, तोंड वळवलं, आणि तळहातावर एक दात काढून ठेवला.

"बगलास?" मथुरा उठलीच. "बगलास करणी? रगत आयला."

मास्तरांनी तो दात उजेडात धरून निरखला. मग जिभेनं आत चाचपून पाहिलं. आणि त्या माणसाच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, की मी ते पुढे त्याच्या मुलाच्या लग्नातही बघितलं नाही.

"मथुरा," ते म्हणाले, आता शाळेतलं मराठी सुटलं होतं, "गणपतीपासून ह्यो दात माजो जीव घेय होतो. डॉक्टराक भियान गेलंय नाय. रात रात जागलंय. आणि बग, आपसूक गेलो." त्यांनी पाण्यानं चूळ भरली, टोपली स्वतःकडे ओढली आणि दुसऱ्या बाजूच्या दाढेनं दुसरा लाडू घेतला.

धोंडूनं घसा खाकरला. "उजवो," तो म्हणाला. घाड्यालाही शेवटी गावातच राहायचं असतं.

मग बोलणी झाली. मास्तरांनी काही मागितलं नाही. मी मागितलं. म्हटलं, रुखवत माझ्या टोपल्यांतून जाईल, खोक्यांतून नाही. आणि मांडवातून पहिली टोपली नवऱ्यामुलाच्या आत्येनं आपल्या हातानं उचलून न्यायची. भाईंनी चष्मा काढला. मास्तर म्हणाले, "मान्य." मथुरेला कुणी विचारलं नाही, भाऊबिजेच्या दिवशी भावाला नाही म्हणता येत नाही.

लग्न वैशाखात झालं. टोपल्या मी मांडवात ओळीनं मांडल्या. दत्ताराम शेट त्यांच्याकडे बघून म्हणाला, की पुढल्या दिवाळीला दुकानात ठेवायला मिळतील का. मी म्हटलं, बघू.

मथुरा हिरवं पैठणी लुगडं नेसून आली, पहिल्या टोपलीशी थांबली आणि दोन्ही हात लांब करून, तोंड दुसरीकडे वळवून तिनं ती उचलली. कुणी मेलेली घूस उचलावी तशी. वाजंत्री वाजायला लागली. मी तिच्या मागोमाग चालत होते. मुलीची आई होते, तेव्हा हसले नाही.

"मथुराबाय," मी हळूच म्हटलं, "वायच छातयेकडे धरा. लाडू कडक आसत, पायार पडलो तर लागात."

तिनं धरली.